शेतातली यंत्रं, मोटारी आणि अवजारं: देखभाल आणि सुरक्षितता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टर आणि अवजारांच्या दुरुस्तीच्या कामात जे प्रश्न फोनवर, गॅरेजच्या दारात आणि कधी बांधावर उभं राहून विचारले जातात, ते इथे एका जागी लिहिले आहेत. ज्याचं जे अडलंय त्याने तेवढंच वाचलं तरी चालेल. मळणी आणि फवारणीचे प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावेत, कारण ही कामं मालक स्वतः कमी करतो आणि मजूर जास्त करतात.

मळणी यंत्र घेताना किंवा भाड्याने आणताना काय बघायचं?

सगळे ताशी किती पोती निघतात ते विचारतात. तुम्ही आधी यंत्राचं तोंड बघा, म्हणजे माल आत सारायचा तो पत्र्याचा भाग. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकाप्रमाणे तो किमान 90 सेंटिमीटर लांब हवा आणि त्यातला ड्रमकडचा (आत फिरून मळणी करणाऱ्या भागाकडचा) किमान 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. त्यामागचा हिशोब साधा आहे. माणसाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास असतो. तोंड एवढं लांब आणि झाकलेलं असलं की ठरवून हात घातला तरी बोटं ड्रमपर्यंत पोचत नाहीत.

आता गावात फिरणारी यंत्रं बघा. कितीतरी हडंब्यांचं, म्हणजे मळणी यंत्रांचं, तोंड गॅस कटरने कापून आखूड केलेलं असतं, वरचं झाकण काढून ठेवलेलं असतं. का, तर माल पटापट जातो. आमच्याकडेही "तेवढं तोंड कापून द्या" म्हणून लोक येतात. आम्ही देत नाही, ते दुसरीकडून करून घेतात. भाड्याचं यंत्र खळ्यावर आलं की टेप लावून तोंड मोजा. आखूड असेल तर परत पाठवा. सोयाबीन आणखी दोन दिवस ताडपत्रीखाली राहिलं तरी चालतं.

मळणी यंत्रांसाठी 1983 चा धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा आहे. तो कागदावर आहे म्हणून तुमच्या खळ्यावर कोणी तपासायला येईल, अशी वाट बघू नका.

मळणी चालू असताना माल अडकला तर?

ट्रॅक्टरचा पीटीओ (मागून अवजाराला फिरवणारा दांडा) सोडवा, इंजिन बंद करा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. मग थांबा. ड्रम जड असतो, पट्टा सुटल्यावरही तो आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहतो. आवाज कमी झाला म्हणजे ड्रम थांबला असं नाही. पुली डोळ्याने थांबलेली दिसली की मगच हात घाला. चालू यंत्रात बांबू किंवा दाताळं घालून ढकलणंही धोक्याचंच आहे. ड्रमने दांडा ओढला की मुठीत घट्ट धरलेला हात त्याच्या मागोमाग जातो.

अडकण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा ओला माल असतो. सकाळी दवात भिजलेलं सोयाबीन दहा-अकरापर्यंत उन्हात पडू द्या, निम्मे अडथळे कमी होतील. मोठे पेंढे एकदम न सारता सुटे करून सारा.

घास टाकणाऱ्याने, म्हणजे यंत्रात माल सारणाऱ्याने, सैल काही घालू नये: मफलर, धोतराचा सोगा, लांब बाह्या, हातातलं कडं. बायकांनी पदर कमरेला घट्ट खोचावा, वर जुना शर्ट घालावा, वेणी आत घ्यावी. एकाच माणसाला तासन्तास घास टाकायला लावू नका, जोडी ठेवून आलटून पालटून टाका. रात्री उरकायची घाई असते. तेव्हा उजेड मागून येतो, आपलीच सावली तोंडावर पडते आणि हात कुठे आहे ते दिसत नाही. रात्री करायचंच असेल तर दिवा यंत्राच्या वर बांधा.

खळ्यावर आग लागू नये म्हणून काय करायचं?

यंत्र असं लावा की वाऱ्याने भुसा ट्रॅक्टरपासून दूर जाईल. सायलेन्सर गंजीच्या बाजूला नको. पाण्याचा भरलेला ड्रम आणि दोन बादल्या जवळ ठेवा. बिडी पिणाऱ्याला बांधाबाहेर पाठवा.

पीटीओ शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर तुटलंय. नवीन बसवायलाच हवं का?

हो. ग्रीसिंगला अडचण होते म्हणून हे कव्हर पहिल्या दुरुस्तीतच उतरतं आणि मग शेडच्या कोपऱ्यात पडून राहतं. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. शाफ्ट मनगटाएवढा जाड धरला तरी सेकंदाला दीड-दोन मीटर कापड त्यावर गुंडाळलं जातं. शर्टाचं टोक अडकलं हे कळायच्या आत माणूस शाफ्टवर गेलेला असतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसला रोज ग्रीस द्यायचं, पण ट्रॅक्टर बंद करून. फिरणाऱ्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे कधीच जायचं नाही, वळसा घालून जायचं.

रोटाव्हेटर थरथरतो, आवाज करतो. कुठे बघायचं?

आधी पात्यांचे नट-बोल्ट बघा. नवी पाती बसवली की तास-दोन तास चालवून पुन्हा आवळायची असतात, आणि तिथेच आळस होतो. दोन-चार झिजलेली पाती बदलली आणि बाकीची तशीच ठेवली तर रोटरचा तोल जातो. बदलायची तर समोरासमोरची बदला. गिअरबॉक्स आणि बाजूच्या चेन किंवा गिअरच्या केसमधलं ऑइल बघा. सील गळत असेल तर आत चिखल शिरतो आणि बेअरिंगचा खर्च वाढतो.

दुसरं कारण आमच्याकडे वरचेवर दिसतं. आधीच्या पिकाच्या ठिबकच्या नळ्या, सुतळी, मल्चिंगचा कागद रोटरला गुंडाळलेला असतो. उन्हात आणि घर्षणाने तो इतका घट्ट बसतो की सुरीने कापून काढावा लागतो आणि काढता काढता दिसतं की सील कधीच फाटलंय. नांगरटीआधी लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, पूर्ण गोळा करा. रोटरखाली हात घालायच्या आधी रोटाव्हेटर लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून खाली शिरू नका. ट्रॅक्टरवर बसलेल्याचा पाय लिव्हरला लागला किंवा पाइप फुटला की सगळं वजन अंगावर येतं.

इंजिन ऑइल किती तासांनी बदलायचं?

बऱ्याच ट्रॅक्टरना 250 तास सांगितलेले असतात. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत आहे, तोच पाळा. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस त्याहून खूप लवकर असते, ती चुकवू नका. महिन्यांवर जाऊ नका, मीटरचे तास वाचा. ज्याचा ट्रॅक्टर भाड्याने फिरतो त्याचे 250 तास एका हंगामात होतात.

ऑइलपेक्षा एअर क्लीनरकडे जास्त दुर्लक्ष होतं. उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारताना धूळ इतकी असते की ऑइल बाथवाल्या क्लीनरची वाटी रोज उघडून बघावी. तळाशी चिखल साचला असेल तर ऑइल टाकून द्या, वाटी डिझेलने धुवा, खुणेपर्यंत नवं भरा. कागदाचा फिल्टर मात्र डिझेलने धुवायचा नाही, हलका झाडायचा आणि वेळ आली की बदलायचा. धुळीने लायनर-पिस्टन झिजले की इंजिन ऑइल खातं, निळा धूर येतो आणि इंजिन उघडावंच लागतं. पावसाळ्यात टाकी संध्याकाळी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री ओल धरते आणि पाणी डिझेलमध्ये उतरतं. रेडिएटरची जाळी झाडा. गरम असताना झाकण उघडू नका.

सेल्फ (स्टार्टर मोटर) लागत नाही, पेचकस लावून स्टार्ट केला तर चालतं का?

नाही. चावी आणि क्लचचं सुरक्षा बटण टाळून सेल्फच्या दोन टोकांना पेचकस टेकवला की ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तरी चालू होतो आणि तुम्ही मोठ्या चाकाच्या पुढे उभे असता. सुटून बाजूला होण्याएवढा वेळ मिळत नाही. बॅटरीची टोकं घासून व्हॅसलीन लावा, अर्थिंगची तार बघा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. बहुतेक वेळा तेवढ्यातच भागतं. नाही भागलं तर मेकॅनिकला बोलवा, पण सीटवर बसूनच स्टार्ट करा.

शेतात जाताना मजूर ट्रॉलीत किंवा मडगार्डवर बसवले तर काय बिघडतं?

4 एप्रिल 2025 ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. ओला रस्ता, कठडा नसलेली विहीर आणि ट्रॉलीत माणसं, या तिन्ही गोष्टी आपल्या गावातही असतात. शेतमालाच्या ट्रॉलीतून माणसं नेण्याची परवानगी नसते आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो.

मडगार्डवरचा पोरगा हा वेगळाच विषय आहे. एका खड्ड्यात तो मागच्या चाकाखाली जातो. त्याला घरी ठेवा, रडला तरी चालेल.

रस्त्यावर चालवताना दोन्ही ब्रेकचे पेडल खटक्याने जोडून घ्या. शेतात वळण्यासाठी ते सुटे ठेवलेले असतात. तसेच रस्त्यावर राहिले तर ब्रेक एकाच चाकाला लागतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असताना तर अजिबात नाही. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. रस्त्यात बंद पडली तर मागे दगड लावून थांबण्यापेक्षा आधी दूरवर खूण करा आणि निघताना ते दगड उचलून न्या.

चाक चिखलात रुतलं तर साखळी मागच्या हुकापेक्षा उंच जागी बांधू नका. ओढताना पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटतो. पुढे जात नसेल तर रिव्हर्सने काढा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने मागून ओढा.

विहिरीवरची मोटर दर हंगामात जळते. काय करायचं?

वाइंडिंग करणाऱ्याला दोष देण्याआधी स्टार्टरची पेटी उघडून बघा. बहुतेक वेळा आत हे दिसतं: ओव्हरलोड रिलेला (जास्त करंट ओढला की मोटर बंद करणाऱ्या भागाला) काडी लावलेली, फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार, सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास केलेला. मोटर ज्यामुळे वाचते ते सगळं "सारखी बंद पडते" म्हणून काढून टाकलेलं असतं.

तिन्ही फेजांपैकी एक गेला की मोटर घुमते आणि उरलेल्या दोन फेजांवर जास्त करंट ओढून तापते. प्रिव्हेंटर अशा वेळी मोटर बंद करतो. तो वारंवार बंद करत असेल तर लाइनमध्ये दोष आहे, प्रिव्हेंटरमध्ये नाही. रिले मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अॅम्पिअरवर लावा. व्होल्टेज 415 च्या खूप खाली असेल तर त्या वेळी चालवू नका. ऑटो स्विचमुळे लाइट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुटतात आणि व्होल्टेज बसतं. ऑटो ठेवायचाच असेल तर थोडा उशिराने चालू होणारा टायमर लावा आणि शेजाऱ्यांशी बोलून वेळा वेगळ्या ठेवा.

पेटीला अर्थिंग हवंच. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पट्टी पुरायची आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत राहायचं, कोरड्या जमिनीत अर्थिंग निकामी होतं. बटण दाबताना कोरड्या लाकडी फळीवर उभे राहा, हात कोरडा ठेवा. डीपीवर चढून फ्यूज बसवणं तुमचं काम नाही. महावितरणच्या 1912 या नंबरवर तक्रार करा आणि वायरमनची वाट बघा. वाट बघणं किती जीवावर येतं हे मलाही ठाऊक आहे, पण 11 केव्हीची लाइन जवळ गेलेल्याला दुसरी संधी देत नाही.

रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडला तर?

घरच्या किंवा मोटारीच्या लाइनचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात मरतो तो बहुधा रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी, नाहीतर आपलाच माणूस. बाजारात मिळणारं सोलर झटका मशीन वेगळं असतं. ते थोड्या थोड्या वेळाने क्षणभर झटका देतं, जनावर पळतं आणि मरत नाही. जंगलाजवळच्या गावांना त्यासाठी वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. झटका मशीनच्या तारेला कधीही थेट लाइन जोडू नका.

जुन्या विहिरीत मोटर काढायला उतरायचंय. काय काळजी घ्यायची?

बरेच दिवस न वापरलेल्या, खोल, अरुंद विहिरीत तळाशी प्राणवायू कमी आणि जड वायू जास्त असू शकतो. त्याला वासही नसतो. माणूस दोन-चार श्वासांत खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका घरातले तिघे एकाच विहिरीत गेल्याच्या बातम्या याच कारणाने येतात. म्हणून आधी कंप्रेसर किंवा ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून बराच वेळ हवा सोडा. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधा आणि त्याला वर ओढू शकतील एवढे लोक काठावर ठेवा. खाली कोणी पडला आणि दोर नसेल तर मागोमाग उतरू नका, हवा सोडत राहा आणि 112 वर फोन करा. विहिरीच्या आत टप्प्यावर डिझेल इंजिन चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो. गोबरगॅसच्या खड्ड्यालाही हेच नियम लागू.

फवारणीचा किट घातला की उकडतं. नुसता रुमाल बांधला तर चालत नाही का?

रुमाल भिजला की औषध तोंडाला चिकटवूनच ठेवतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, फवारा वरून अंगावर येत होता आणि औषधांची मिश्रणं केली जात होती.

उकाड्यावर उपाय किट टाळणं नाही, वेळ बदलणं आहे. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर फवारा, वारा अंगावर येऊ देऊ नका. पाठीवर प्लास्टिकचा कागद किंवा एप्रन बांधा. पंपाच्या झाकणाचा वॉशर गेलेला असेल तर औषध झिरपून शर्ट भिजतो आणि घामाने उघडलेल्या कातडीतून आत जातं. म्हणजे पंपाचा वॉशर बदलणं हीदेखील सुरक्षाच आहे. हातमोजे रबरी किंवा नायट्राइलचे घ्या, कापडी नकोत. औषध काठीने ढवळा. पीक डोक्याच्या वर असेल तर पुढे चालत फवारण्याऐवजी मागे सरत फवारा. फवारून झाल्यावर आंघोळ, मगच चहा-बिडी. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

बाटलीवरचा त्रिकोण बघून घ्या: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

नोजल तुंबलं तर? आणि तणनाशकासाठी वेगळा पंप लागतोच का?

तोंडाने फुंकू नका, चोखू नका. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं. तारेने टोचलं तर भोक मोठं होतं आणि एकराला जास्त औषध जातं.

पंप वेगळा ठेवाच. टू-फोर-डी हे तणनाशक पंपात राहिलं आणि त्याच पंपाने कपाशी फवारली तर नवी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली येतात. द्राक्षालाही ते सोसत नाही. कीटकनाशकाला हॉलो कोन, तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोजल वापरा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे तिच्यात कोणी गोडंतेल भरणार नाही. पंप विहिरीवर, ओढ्यात धुवू नका.

फवारताना चक्कर आली, मळमळलं तर?

लगेच काम थांबवा, सावलीत या, सगळे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. दूध, लिंबू, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ आणि घाम सुटणं, अंग फडफडणं ही ऑर्गनोफॉस्फेट औषधांची लक्षणं असतात. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा माहितीपत्रक सोबत न्या. त्यावर उतारा छापलेला असतो, अशा विषबाधेत बहुधा अॅट्रोपिन. बाटली बघून डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

धान्यात ठेवायच्या गोळ्या घरात वापरल्या तर?

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलीनेही फॉस्फिन वायू सोडतात. त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे किंवा शेजारच्या खोलीत धान्याला या गोळ्या लावल्या तर झोपेतच माणसं जातात. घरच्या दहा पोत्यांसाठी कडकडीत वाळवणं आणि कोठी घट्ट बंद ठेवणं पुरेसं आहे.

ठिबकच्या नळ्यांना आम्ल कसं द्यायचं?

आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. गॉगल आणि हातमोजे घाला. आम्ल आणि क्लोरीन एकत्र करू नका, विषारी वायू होतो. त्याआधी सँड फिल्टर उलटा धुवून घ्या आणि लॅटरलची टोकं उघडून गाळ काढा. पुष्कळदा तेवढ्यातच काम होतं.

कडबा कुट्टी आणि हातअवजारांबद्दल थोडं सांगा.

कुट्टीचं पातं बोथट झालं की कडबा कापला न जाता ओढला जातो आणि त्यासोबत हातही. धार ठेवा, पात्याची फट सारखी ठेवा. बंद करायचं बटण घास लावणाऱ्याच्या हाताशी हवं, भिंतीपलीकडे नको. चाकावरची जाळी काढून ठेवू नका, घरातली लहान पोरं तिथेच खेळतात.

विळे-खुरपी हंगामाआधी लोहाराकडून पाजवून आणा आणि काम झाल्यावर चिखल धुवून तेलाचा हात द्या. सैल मुठीचं खुरपं सगळ्यात जास्त लागतं. भातासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा चांगला, त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही.

यंत्रात बोट किंवा हात गेला तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं?

यंत्र बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, चुना, डिझेल काही लावू नका. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर ते जोडता येत नाही. नेताना ते बोट न विसरता सोबत घ्या.

अपघातानंतर सरकारी मदत मिळते का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख रुपये आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि घरातला खातेदार नसलेला एक सदस्य यात बसतो, वय 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत द्यायचा असतो. सातबारा, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा आणि मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल लागतो. पंचनामा न करता घाईने अंत्यविधी उरकला की प्रकरण तिथेच अडकतं.

सातबारा नसलेला मजूर या योजनेत बसत नाही. मळणीवर घास टाकायला बहुतेक तोच उभा असतो. त्यामुळे यंत्रमालकाने मजुरांचा अपघात विमा आपल्या खर्चाने काढावा आणि भाडं ठरवताना शेतकऱ्याने तो काढलाय का ते विचारून घ्यावं.